कॉफी खाली ठेवल्यावर

आमच्या मुलीने तेलकंपनीतली नोकरी सोडली आणि ती वाळवंटात तंबू सांभाळायला गेली, ही बातमी मी ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये बरेच दिवस दाबून ठेवली. कुणी विचारलंच तर "हॉस्पिटॅलिटीमध्ये आहे" असं सांगायचे. हॉस्पिटॅलिटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचं हॉटेल आणि ब्लेझर घातलेली मॅनेजर उभी राहते. उंटाचं शेण उचलणारी इंजिनिअर उभी राहत नाही, आणि मीही ती उभी करायला जात नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "पण नक्की कुठल्या हॉटेलात?" मी चटकन तिळगूळ तोंडात टाकला आणि दाताला चिकटल्याचं नाटक केलं.

मुलगी आमची एकुलती एक आणि लहानपणापासून भांडकुदळ. ताटातल्या कारल्यापासून शाळेच्या प्रिन्सिपॉलपर्यंत तिने कुणाला सोडलं नाही. ही वकील होणार असं आम्ही धरून चाललो होतो, ती इंजिनिअर झाली आणि वकिली घरी चालू ठेवली. ह्यूस्टनच्या त्या मोठ्या कंपनीत लागल्यावर मात्र ती हळूहळू निवली. काहीही सांगा, "ओके, आई" म्हणायची. मला वाटलं, चला, तिशी आली, शहाणपण आलं. मैत्रिणींमध्ये मी मिरवलंही की आमची आता किती ऐकते. मग एका रविवारी जेवता जेवता तिने त्याच शांत आवाजात सांगितलं की राजीनामा दिलाय आणि पुढच्या आठवड्यात ती पश्चिम टेक्सासला राहायला चालली आहे.

तिथे एका बेदुईन माणसाचा कॅम्प आहे. बेदुईन म्हणजे अरबस्तानातले, उंट-शेळ्यांमागे तंबू घेऊन फिरणारे लोक. हा गृहस्थ जॉर्डनच्या वाळवंटात तंबूतच जन्मलेला. तरुणपणी ह्यूस्टनला आला, आयुष्यभर टायरचं दुकान चालवलं आणि म्हातारपणी ते विकून त्याने अशी जमीन घेतली जिथे विंचवालाही राहावंसं वाटू नये. त्यावर शेळीच्या केसांचे काळे तंबू ठोकले, चार उंट आणले, आणि ऑस्टिन-डॅलसची माणसं शांतता शोधत तिथे येऊ लागली. शांतता सापडली की ती वायफायचा पासवर्ड विचारतात, असं मुलीनेच सांगितलं. तीही पहिल्यांदा पाहुणी म्हणूनच गेली होती. मग परत गेली. मग गेली ती गेलीच.

तर फेब्रुवारीत आम्ही तिला परत आणायला निघालो. एक रात्र राहायचं, गोडीगुलाबीने बोलायचं आणि सकाळी तिला गाडीत घालून घरी यायचं, असा माझा बेत होता. तसं तिला सांगणं शक्य नव्हतं, म्हणून रीतसर बुकिंग केलं. बुकिंग तीच बघते, त्यामुळे आम्हाला तिचा ईमेल आला, "डिअर गेस्ट्स". खाली लिहिलं होतं की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, यजमानांना तो अपमान वाटतो. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं कपड्यांच्या बॅगेत तळाशी घातलं.

मी पेशाने भूलतज्ज्ञ होते. समोरच्याला आधी झोपवायचं आणि मग त्याचं काय करायचं ते ठरू द्यायचं, ही आयुष्यभराची सवय. घरीही फार वेगळं नव्हतं, फक्त तिथे औषध लागत नसे. नवरा पाइपलाइनवाला. त्याचं काम असं की सगळं सुरळीत चाललं तर वर्षानुवर्षं कुणाला त्याची आठवणही होत नाही, आणि स्वभावही नेमका त्याच मापाचा. पण अशा प्रसंगी बापाने बोललेलं बरं दिसतं. म्हणून भाषण मी तयार केलं आणि पाठ त्याच्याकडून करून घेतलं. आधी जागेची स्तुती, मग हवेची, मग यजमानांच्या कष्टांची. मग आमचं वय, माझे गुडघे, त्याचं ब्लडप्रेशर. आणि सगळ्यात शेवटी, अगदी अलगद, आमची मुलगी घरी यावी अशी आमची इच्छा आहे. सॅन अँटोनियो मागे पडेपर्यंत त्याला स्तुतीच जमत होती. पुढे ओसाड रस्ता लागला तसे माझे गुडघेही जमायला लागले.

"मला वाटतं, तूच बोललीस तर," तो मध्येच म्हणाला.

"मी बोलले की भांडण वाटतं," मी म्हटलं. "ब्लडप्रेशरपासून परत म्हणा."

कॅम्पवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हायवे सोडून मैलोन् मैल कच्चा रस्ता, मग वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या कुशीत ते काळे तंबू. एका तंबूजवळून कुणीतरी हातवारे करत ओरडत येत होतं. डोक्याला फडकं, पायात बूट, चेहरा रापून तांब्यासारखा. मला वाटलं, कुणी कामवाली असेल. ती आमची मुलगी निघाली.

"बाबा, तिथे नको! नको म्हणतेय ना! रुतेल गाडी!"

नवऱ्याने गाडी तिथेच घातली आणि ती रुतली. मग अर्धा तास आम्ही दोघं बाजूला उभे आणि ही टायरमधली हवा कमी करतेय, चाकाखाली फळी सरकवतेय, आणि तोंडाचा पट्टा चालूच. बोर्डावर एवढं मोठं लिहिलंय, तरी इंडियन अंकल लोकांना ते लागू नसतं का? ॲरो कशासाठी काढलाय, शोभेला? ह्यूस्टनला ती महिनोन् महिने इतकं बोलली नव्हती. "पाहुण्यांशी असं बोलतात का?" मी म्हटलं. "पाहुणे असे गाडी लावतात का?" ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा हसून गळ्यात पडली. अंगाला उंटाचा वास येत होता.

यजमान बाहेर येऊन उभे होते. उंच, वाळलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली. छातीवर हात ठेवून त्यांनी आमचं स्वागत केलं, शेजारी त्यांची बायको उभी होती, तिने माझे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. मुलगी त्यांना "अम्मो" म्हणत होती आणि बाईंना "खाल्तो". म्हणजे काका आणि मावशी, असं तिने मला सांगितलं. शुगर लँडमध्ये तिला काका-मावशी कमी होते असं नाही, पण त्यांच्याकडे जा म्हटलं की हिचं डोकं दुखायचं.

तंबूत खुर्ची नावाला नव्हती. जाड गालिचे, लोड, मधोमध विस्तवाची जागा. मी टेकले ती अशी टेकले की उठायचं कसं हा प्रश्न पुढे ढकलावा लागला. आता विचारपूस सुरू होईल, म्हणून मी सावरून बसले. आपल्या माणसाला पाहुणा भेटला की गाव, आडनाव, मुलं काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, एवढं तरी पाण्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत काढून होतं. या माणसाने काहीच विचारलं नाही. प्रवास कसा झाला, एवढंच, आणि तेही आम्ही दमलोय का हे बघायला. मी आपण होऊन सांगितलं की आम्ही दोघं रिटायर्ड आहोत. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, आम्हाला ही एकच मुलगी. त्यांनी पुन्हा मान डोलावली आणि खजुराची ताटली माझ्याकडे सरकवली. माणूस विचारतच नाही म्हटल्यावर सांगायचं तरी कसं?

"ते विचारणार नाहीत," मुलगी माझ्या कानाशी म्हणाली. "पाहुणा का आला, हे विचारणं यांच्यात रूड असतं. तीन दिवस तरी विचारत नाहीत."

"तीन दिवस कोण राहतंय इथे?" मी म्हटलं.

आठवड्याच्या मधला वार होता, कॅम्पवर दुसरं कुणी नव्हतं. मुलीने आम्हाला सगळं फिरून दाखवलं. सोलरचं पॅनेल तिने बसवलेलं, पाण्याची टाकी तिने वर चढवलेली, पाहुण्यांच्या न्हाणीचं सांडपाणी गाळून खजुराच्या रोपांना जातं तो पाइप तिने टाकलेला. नवरा त्या पाइपापाशी उकिडवा बसला आणि उताराबद्दल काहीतरी बोलला, ती म्हणाली चूक, तो म्हणाला बघ मोजून, आणि दोघं वाळूत आकृत्या काढत बसले. मी उंट बघत उभी राहिले. त्यातला एक मला बघून थुंकला. एकूण मला तिथे काहीही आवडून घ्यायचं नव्हतं, आणि उंटाची त्यात मदत झाली.

सूर्य बुडाला आणि आम्ही पुन्हा विस्तवाभोवती बसलो. एका बाजूला बाई पिठाचा गोळा हातांवर थापून रोटी पातळ करत होत्या. यजमानांनी लांब चोचीच्या भांड्यात कॉफी केली आणि उभं राहून, वाकून, प्रत्येकाला छोट्या बिनकानाच्या कपात दिली. देवळात तीर्थ देतात तेवढीच, तळाला. वेलदोड्याचा वास, चव कडू, दूध-साखरेचा पत्ता नाही. मला आवडली. मी संपवली की ते लगेच पुन्हा ओतायचे, शेवटी मुलीने खूण केली की पुरे असेल तर रिकामा कप जरासा हलवायचा असतो.

आता नवऱ्याचं एक सांगायला हवं. संध्याकाळनंतर त्याला चहा-कॉफी चालत नाही, छातीत जळजळतं. पण नको म्हणायचीही पंचाईत, समोरच्याला वाईट वाटेल. यावर त्याने आयुष्यभर एकच उपाय केलाय. हसून घ्यायचं, बाजूला ठेवायचं आणि विसरल्यासारखं करायचं. आपल्याकडे हे चालून जातं, निम्मे पाहुणे तेच करतात. शुगर लँडमधल्या कित्येक दिवाणखान्यांतल्या कुंड्या त्याच्या वाट्याच्या कॉफीवर वाढल्या आहेत. वाळवंटात कुंडी नव्हती. त्याने कप हसून घेतला आणि आपल्या गुडघ्यासमोर गालिच्यावर ठेवून दिला.

यजमान होते तिथेच थांबले. बाईंचे हातही पिठाच्या गोळ्यावर थांबले.

"बाबा, पी ते," मुलगी म्हणाली.

"नको गं, जळजळेल. राहू दे."

"बाबा, एक घोट घे. प्लीज. आत्ता."

"अगं, ठेवलीय ना. घेतो मागाहून."

"बाबा, मी सांगतेय म्हणून पी ना!"

"त्यांना नको असेल तर कशाला मागे लागतेस?" मी म्हटलं. "त्यांची तब्येत तुला माहीत नाही का?"

यजमानांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं, नवऱ्यासमोर येऊन बसले, छातीवर हात ठेवला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तुमची कॉफी प्या. तुम्ही जे मागायला आला आहात ते तुमचं आहे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी मनात म्हटलं, माणूस समंजस आहे. दुपारपासून तोंड मिटून बसला होता, पण सगळं ओळखून होता. आता दार त्यानेच उघडलंय, आत जायला काय हरकत आहे. मी नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. त्याने घसा खाकरला. स्तुती, हवा, कष्ट, गुडघे, ब्लडप्रेशर, सगळं सॅन अँटोनियोच्या रस्त्यावर सांडून आलं होतं. उरलं होतं ते एकच वाक्य.

"आमची मुलगी आम्हाला परत हवी आहे," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "प्लीज."

यजमानांनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग विस्तवाकडे. "उद्या सकाळी ती तुमच्याबरोबर येईल," ते म्हणाले. "आता प्या."

नवऱ्याने कप उचलून तोंडाला लावला. कुणी प्या म्हटलं की तो पितोच, एवढाच त्याच्यात आणि आमच्या मुलीत फरक.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. वाळूतल्या खड्ड्यात पुरून शिजवलेली कोंबडी आणि बटाटे काढले, सगळे जेवायला बसले. बाई स्वतः जेवल्या नाहीत, मुलीच्या ताटात वाढत राहिल्या. मुलगीही फार जेवली नाही. सगळ्यांना शिस्तीत वाढलं, ताटं उचलली, पाणी दिलं, आणि आम्हाला आमच्या तंबूपर्यंत सोडायला आली. तिथे मी तिला विचारलं की कॉफीवरून एवढं काय झालं होतं.

"यांच्यात पाहुणा कॉफी न पिता खाली ठेवतो ना, तेव्हा तो काहीतरी मागायला आलेला असतो," ती म्हणाली. "मागणी मान्य होईपर्यंत तो पीत नाही. लग्नासाठी मुलगी मागतात, दोन घराण्यांचं वैर मिटवायचं असेल तर माफी मागतात, सगळं असंच. आणि पाहुणा घरात बसून प्यायला नाही तर होस्टची इज्जत जाते. सो तो आधी हो म्हणतो, मग विचारतो. बाबांनी ॲसिडिटीसाठी ठेवली."

नवरा खाली बसला. "मला काय माहीत?" तो म्हणाला.

"मग सांग त्यांना की आम्हाला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "गैरसमज झाला म्हणावं."

"कॉफीचं माहीत नव्हतं. पण मागितलं ते खरंच होतं ना? त्यासाठीच आला होतात ना तुम्ही?"

मी बॅगेतल्या दशम्या आणखी तळाशी सरकवल्या.

"मग गैरसमज कुठे झाला?" ती म्हणाली. "मी इथे राहिले तर त्यांचा शब्द खोटा पडतो. ते मला आता ठेवणार नाहीत, आणि मीही राहणार नाही. ओके, आई. सकाळी सामान भरते."

भांडण नाही, आदळआपट नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, तेही माझे गुडघे मध्ये न आणता. नवरा रात्रभर गोळ्या चघळत उताणा पडून होता. मला झोप लागायच्या आधी त्याने विचारलं, "मिळालं ना तुला हवं ते?" टोमणा त्याला मारताच येत नाही, तो खरंच विचारत होता. मी कूस बदलली.

सकाळी बाहेर आले तर मुलगी तयार होऊन उभी. ह्यूस्टनच्या ऑफिसातली पँट, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरून मागे बांधलेले. हेच रूप बघायला मी अख्खा टेक्सास ओलांडून आले होते. तिची बॅग दाराशी होती. बाई तिच्यासाठी रोट्या, वाळवलेल्या दह्याचे गोळे आणि स्वतः विणलेली एक सतरंजी बांधत होत्या, आणि बांधता बांधता मान वळवून पदरासारख्या ओढणीने डोळे पुसत होत्या. यजमान उंटांना चारा घालायला गेले होते. ते काम मुलीचं होतं, त्यांना पेंढी सोडवेना.

मी मुलीजवळ जाऊन उभी राहिले. "जुन्या कंपनीत एकदा विचारून बघशील ना?"

"ओके."

"आणि तो सर्जन मुलगा आहे ना, त्या ऑस्टिनच्या काकूंचा पुतण्या. त्याला नुसतं भेट एकदा. भेटायला काय जातं?"

"ओके, आई."

असल्या स्थळाचा विषय निघाला की ही पूर्वी घर डोक्यावर घ्यायची. एकदा तर तिने माझ्याच वाढदिवसाचा केक अर्धा कापलेला टाकून घर सोडलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. राग गिळलेला नव्हता, रडू दाबलेलं नव्हतं. काहीच नव्हतं. टेबलावरचा पेशंट वेदनेने ओरडला तर भूलतज्ज्ञ घाबरत नाही. तो नको तितका शांत झाला की आमचे हात थंड पडतात. आयुष्यभर ज्या शांततेकडे डोळ्यांत तेल घालून बघितलं, तीच माझ्या घरात वर्षानुवर्षं जेवायला बसत होती आणि मी तिला शहाणपण म्हणून मैत्रिणींना सांगत होते. मला एकदम भीती वाटली.

"अगं, काहीतरी बोल ना," मी म्हटलं.

"काय बोलू?"

तेवढ्यात यजमान कॉफी घेऊन आले. निघण्याआधी पाहुण्याला कॉफी द्यायची, मग तो तुमचं घर रिकामं करून निघालेला का असेना. आम्ही पुन्हा गोल करून बसलो. पहिला कप नवऱ्याला दिला. त्याने तो हातात पडताच घशाखाली ओतला आणि झुरळ झटकावं तसा हलवून परत केला. दुसरा कप मला. मी तो घेतला आणि माझ्यासमोर गालिच्यावर ठेवला.

"आई, तो कप खाली ठेवू नको."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

यजमानांच्या तोंडावर, आता ही बाई आणखी काय नेणार, असं स्पष्ट उमटलं. पण माणूस रीतीला पक्का. माझ्यासमोर बसले, छातीवर हात ठेवला. "प्या," ते म्हणाले. "माझ्याकडे असेल ते तुमचं."

"तिला ठेवून घ्या," मी म्हटलं. एवढंच बोलायचं ठरवलं होतं, पण तोंड थांबेना. काल मागितलं ते आमच्या बेताने मागितलं, आज मी मागतेय. ती इथे माझ्या नवऱ्यावर ओरडली. तिने मला उलट उत्तर दिलं. पाइपाच्या उतारावरून बापाशी हुज्जत घातली. आमच्या घरी ती हे करत नाही. मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे ते तक्रारीसारखं वाटलं असेल. बाईंनी ओढणी डोळ्यांवरून काढली.

यजमानांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बहिणी, जे माझ्याकडे नाही ते मी कसं देऊ? काल संध्याकाळी मी ते यांना देऊन टाकलं." आणि त्यांनी हनुवटीने माझ्या नवऱ्याकडे खूण केली. "आता यांच्याकडे मागा."

नवऱ्याच्या हातात ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. ते तसंच राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. सांगितलं होतं, कळवलं होतं, करून घेतलं होतं. मागायचं कसं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. उठता येत नव्हतं, म्हणून मी कप एका हातात धरून गालिच्यावरून बसल्या बसल्या सरकत त्याच्यापर्यंत गेले. कप त्याच्या गुडघ्यासमोर ठेवला.

"अहो," मी म्हटलं, "हिला इथे राहू द्या ना."

त्याने कपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा पुसला. सगळा जन्म घाईत काढणाऱ्या बाईला ताटकळत ठेवायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती आणि तो ती पुरेपूर वापरत होता.

"मला काल ब्लडप्रेशरपासून परत म्हणायला लावलंस," तो म्हणाला, "आणि स्वतः एका वाक्यात?"

"अहो, बोला ना लवकर!"

"पी," तो म्हणाला. "पी, गार होईल." मग यजमानांकडे वळून त्याने त्यांच्यासारखाच छातीवर हात ठेवला. "तिला राहू द्या," तो त्यांना इंग्रजीत म्हणाला, आणि या वेळी त्याने प्लीज म्हटलं नाही.

बाईंनी मोठ्यांदा काहीतरी म्हटलं आणि टाळी वाजवली. यजमान डोळे मिटून हसले. सगळं छान जुळून आलं, आता मुलगी माझ्या गळ्यात पडेल असं मला वाटलं.

"झालं?" ती म्हणाली. "संपलं सगळ्यांचं?"

ती उभी होती. कान लाल झाले होते.

"मी काय पॉटलकचा डबा आहे का? याच्या घरून त्याच्या घरी, मग धुऊन परत? बाबा, तू मला काल मागून घेतलंस, एकदा तरी माझ्याकडे बघितलंस? आणि आई, तू! तू मला न्यायला आलीस तेव्हाही मला विचारलं नाहीस आणि ठेवायला निघालीस तेव्हाही नाही! कप ठेवून मोकळी! तो सर्जन कुणी मागितला होता, मी? यार, मी तिशी ओलांडलेली बाई आहे!" मग ती यजमानांकडे वळली आणि अर्धं इंग्रजी, अर्धं अरबी असं सुरू झालं. अरबी मला कळत नाही, पण सूर ओळखीचा होता. ते मोठं, दाढीवालं, उंटांना धाकात ठेवणारं माणूस मान खाली घालून गालिच्याची नक्षी बघू लागलं. बाई मधूनमधून जोराजोरात मान डोलावून तिचीच बाजू घेत होत्या. "आणि मी राहणार आहे," मुलगी पुन्हा मराठीत आली, "पण तुम्ही दिलीत म्हणून नाही. मी राहणार म्हणून राहणार. ऐकू येतंय का सगळ्यांना?"

"येतंय," नवरा म्हणाला.

"बाबा, तू मध्ये बोलू नकोस!"

मी त्याच्या गुडघ्यासमोरचा कप उचलला. कॉफी गार होऊन कडूजहर झाली होती. घोटभरच होती, पण मी ती ओठ लावून लावून, पुरवून पुरवून प्यायले, कारण मुलगी अजून बोलत होती आणि तिने इतक्यात थांबू नये असं मला वाटत होतं.